शंभराहून जास्त अंकी संख्या फोडायची आहे, सुरुवात कुठून करावी?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. एका १०६ अंकी संयुक्त संख्येचे मूळ अवयव काढायचे आहेत. संख्या विषम आहे, ३ आणि ५ ने भाग जात नाही, ११ ने जातो. पायथनमध्ये साधं लूप चालू केलंय: ३ पासून सुरुवात, दोन-दोनने पुढे, वर्गमूळ आलं की थांबायचं. हाताशी आठ कोअरचा, १६ जीबी रॅमचा पीसी आहे.

हे लूप साधारण कधी संपेल? दुसरी पद्धत घ्यायची तर कुठली, आणि कुठल्या क्रमाने? नेटवर रो, ईसीएम, चाळणी अशी पाच-सहा नावं सापडतात, पण कुठलं कधी वापरायचं हे कुणी नीट सांगत नाही.

शून्यबाकी
लूप आत्ताच बंद करा. १०६ अंकी संख्येचं वर्गमूळ ५३ अंकी. सेकंदाला एक अब्ज भागाकार धरले (पायथनला तेवढे जमत नाहीत) तरी १० च्या ४३ व्या घाताइतके सेकंद लागतील. विश्वाचं वय आहे सुमारे ४ × १०^१७ सेकंद.

घातांक
आणखी एक. लूपमध्ये वर्गमूळासाठी मॅथ मोड्यूलचं साधं 'एसक्यूआरटी' वापरलं असेल तर तेही चूक. ते दशांश अपूर्णांकात काम करतं, त्यात १५-१६ अंकच खरे असतात आणि पुढचे वाऱ्यावर. पूर्णांकांसाठी 'आयएसक्यूआरटी' आहे, ते घ्या. पूर्ण वर्ग आहे की नाही हे तपासताना याच चुकीमुळे हाती आलेला अवयव निसटतो.

चाळणीवाला
क्रमाचं विचारलंत, सांगतो. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. पद्धती दोन जातीच्या असतात. एका जातीला लागणारा वेळ लपलेला अवयव किती मोठा आहे यावर ठरतो: भागाकार, रो, पी-उणे-एक, ईसीएम (एलिप्टिक कर्व्ह पद्धत). दुसऱ्या जातीला लागणारा वेळ अख्खी संख्या किती मोठी आहे यावर ठरतो, अवयव कसेही असोत: क्वाड्रॅटिक सीव्ह आणि नंबर फील्ड सीव्ह (सीव्ह म्हणजे चाळणी). म्हणून आधी पहिल्या जातीने लहान अवयव झाडून काढायचे. आता लहान काही उरलं नसावं असं वाटलं की मगच चाळणी लावायची.

माझा क्रम असा:

दहा लाखांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघा, क्षणात होतं. मग उरलेली संख्या मूळ तर नाही ना ते तपासा. ही पायरी लोक विसरतात आणि मूळ संख्येवरच ईसीएम चालवत बसतात. ती पूर्ण घात आहे का, म्हणजे कशाचा वर्ग, घन, पाचवा घात, तेही बघा. संख्या एकाच मूळ संख्येचा घात असेल तर चाळणीतून काहीच निघत नाही, आणि का निघत नाही याचा पत्ता लागत नाही. त्यानंतर थोडा वेळ रो, एकदा पी-उणे-एक, आणि मग ईसीएम. प्रत्येक अवयव मिळाल्यावर भागाकार करून जे उरेल त्याची पुन्हा मूळ-चाचणी घ्यायची.

चाळणी सर्वांत शेवटी. ९५ ते १०० अंकांपर्यंत क्वाड्रॅटिक सीव्ह, त्यापुढे नंबर फील्ड सीव्ह. ही सीमा प्रत्येक मशीनवर थोडी वेगळी येते. याफू या अवयव काढणाऱ्या प्रोग्राममध्ये 'ट्यून' ही आज्ञा आहे, ती एकदा चालवली की तुमच्या पीसीची सीमा ती स्वतःच ठरवते.

रेवाकाठ
चाळणीवाला काका, मूळ आहे की नाही हे अवयव न काढता कसं कळतं? मूळ नाही हे कळलं म्हणजे अवयव हाती आलाच ना?

शून्यबाकी
नाही ताई, गंमत तिथेच आहे. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल तर अ^(प−१) ला प ने भागून बाकी १ उरतेच. बाकी दुसरी आली तर संख्या संयुक्त, शंभर टक्के. पण भाग कशाने जातो याबद्दल ती बाकी चकार शब्द काढत नाही. व्यवहारात मिलर-राबिन ही चाचणी वापरतात, शंभर अंकी संख्येला काही मिलिसेकंद पुरतात. मूळपणा निश्चितपणे, आणि अंकांच्या बहुपदीइतक्याच वेळात ठरवता येतो, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. अवयव काढण्यासाठी तसा वेगवान मार्ग साध्या संगणकावर आजही कुणाला माहीत नाही. या दोन प्रश्नांतल्या दरीवरच आरएसए ही माहिती कुलूपबंद करायची (एन्क्रिप्शनची) पद्धत उभी आहे.

वक्रगती
ईसीएमबद्दल लिहिते, कारण नवीन लोक सर्वांत जास्त इथे चुकतात.

पी-उणे-एक पद्धत प−१ चे अवयव लहान असले तरच चालते. प ठरला की प−१ ही ठरला, नशीब खराब असेल तर काही करता येत नाही. हेंड्रिक लेन्स्ट्रांनी १९८० च्या दशकात यावर तोड काढली. प−१ ऐवजी एलिप्टिक कर्व्हवरच्या बिंदूंची संख्या घ्यायची. ती प+१ च्या दोन्ही बाजूंना २√प इतक्या पट्ट्यात कुठेही पडू शकते. वक्र बदलला की संख्या बदलते, म्हणजे दर वक्रामागे नवी सोडत.

जीएमपी-ईसीएम या प्रोग्रामसाठी आकडे लिहून ठेवा. बी१ म्हणजे त्या बिंदूंच्या संख्येचे (पी-उणे-एकमध्ये प−१ चे) अवयव किती मोठे चालतील ती मर्यादा, बी२ म्हणजे त्यातल्या सर्वांत मोठ्या एकाच अवयवाला दिलेली सैल मर्यादा. २० अंकी अवयवासाठी बी१ = ११,००० आणि ७४ वक्र. २५ अंकी: बी१ = ५०,००० आणि सुमारे २१५ वक्र. ३० अंकी: बी१ = २,५०,००० आणि ४३०. ३५ अंकी: बी१ = १० लाख आणि सुमारे ९००. ४० अंकी: बी१ = ३० लाख आणि सुमारे २३५०. ४५ अंकी: बी१ = १ कोटी १० लाख आणि सुमारे ४५००. बी२ तो प्रोग्राम आपला आपण निवडतो, त्याला हात लावू नका. हे आकडे त्याच बी२ वर बेतलेले आहेत. आवृत्ती ७ मध्ये वक्रांची संख्या थोडी जास्त धरतात.

'४३० वक्र झाले, म्हणजे ३० अंकी अवयव नाहीच' असं समजू नका. ठरलेले सगळे वक्र पुरे केल्यावरही असा अवयव निसटण्याची शक्यता १/ई, म्हणजे सुमारे ३७ टक्के राहते. दुप्पट वक्र केले तर साडेतेरा टक्के.

दुसरी चूक 'सिग्मा'ची. वक्र कुठला हे सिग्मा ठरवतो. स्क्रिप्टमध्ये सिग्मा ठरावीक ठेवून आठ कोअरवर आठ प्रती चालवल्या तर आठही कोअर तोच वक्र दळत बसतात. सिग्मा देऊच नका, तो आपोआप यादृच्छिक निवडला जातो.

घातांक
वक्रगती ताई, आकडेवारी उत्तम. थांबायचं कधी तेही सांगा ना.

वक्रगती
ढोबळ नियम: साध्या संख्येवर नंबर फील्ड सीव्ह लावायची असेल तर तिच्या अंकांच्या ०.३१ पटीइतक्या अवयवापर्यंत ईसीएम करा. १०० अंकी असेल तर ३१ अंकांपर्यंत, १३० अंकी असेल तर ४० पर्यंत. त्यापुढे ईसीएम चालवणं म्हणजे चाळणीचाच वेळ खाणं.

मसावि_लसावि
चाळणीवाला, रो घेण्याबद्दल माझा मतभेद आहे. ११,००० बी१ चे ७४ वक्र इतके स्वस्त झालेत की मध्ये रो घालून मिळतं काय? रो ला सुमारे √प पायऱ्या लागतात. १० अंकी अवयवाला लाखभर पायऱ्या ठीक, पण २० अंकीला १० अब्ज होतात. तिथे ईसीएम सरळ जिंकतं.

चाळणीवाला
२० अंकीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण १०-१२ अंकांच्या आत रो इतकं सोपं आहे की ते न शिकणं म्हणजे नुकसान. क्ष ऐवजी क्ष²+क, नंतर पुन्हा तेच, आणि दोन वेगवेगळ्या वेगांनी चालणाऱ्या संख्यांमधल्या फरकाचा संख्येशी मसावि. पंधरा ओळींचा प्रोग्राम. दोन पथ्यं आहेत. क हा ० किंवा −२ घेऊ नये, नाहीतर मालिका यादृच्छिक राहत नाही. आणि दर पायरीला मसावि काढत बसू नये. शंभर फरकांचा गुणाकार करून एकदा काढावा, नाहीतर सगळा वेळ मसावितच जातो. शंभरांच्या गठ्ठ्यात मसावि अख्खी संख्याच आली तर त्या गठ्ठ्याच्या सुरुवातीला परत जाऊन एकेक पायरीने तपासावं.

हीच पद्धत थोडी बदलून ब्रेंट आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये आठव्या फर्मा संख्येचा, २^२५६ + १ चा, १६ अंकी अवयव काढला: १२३८९२६३६१५५२८९७.

मसावि_लसावि
चला, रो राहू द्या. पी-उणे-एकचं एक उदाहरण देतो, कागदावर ताडून बघण्यासारखं आहे.

२^६७ − १ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण अवयव माहीत नव्हते. कोलने ते १९०३ मध्ये मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

आता पहिल्या अवयवातून एक वजा करा: १९३७०७७२० = २³ × ३³ × ५ × ६७ × २६७७. २६७७ सोडला तर सगळं शंभराच्या आत. म्हणजे बी१ = १०० आणि बी२ = ३००० दिला की हा अवयव डोळ्याची पापणी लवायच्या आत मिळतो.

पण पाया २ घेतलात तर फसाल! २^६७ ला या संख्येने भागल्यावर बाकी १, त्यामुळे दोन्ही अवयवांच्या दृष्टीने बाकी १ देणारा २ चा पहिला घात ६७ वाच. घातांकात ६७ आला की दोन्ही अवयव एकदमच जाळ्यात येतात, मसावि अख्खी संख्या येते आणि हाती काही लागत नाही. पाया ३ घ्या.

दुसरी खोच: दुसऱ्या अवयवातून १ वजा केला तर २ × ३² × २९ × ६७ × २५५१ × ८५३९. सगळं दहा हजारांच्या आत. बी१ एकदम १०,००० ठेवलात तर पाया ३ घेऊनही दोन्ही अवयव एकत्रच सापडतील आणि पुन्हा अख्खी संख्याच मिळेल. मर्यादा मोठी ठेवली की चांगलंच असं नाही. बी१ टप्प्याटप्प्याने वाढवा आणि मधेमधे मसावि काढत जा.

रेवाकाठ
हे करून पाहिलं. पाया २: अख्खी संख्या. पाया ३, बी१ १००, बी२ ३०००: १९३७०७७२१. अगदी तुम्ही म्हणालात तसंच!

गणकयंत्र
२^६७ − १ च्या बाबतीत साधा भागाकारही चालतो, फक्त आंधळेपणाने करायचा नाही. हिचा प्रत्येक मूळ अवयव १३४क + १ या रूपाचा असतो, शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरावी लागते. त्यामुळे क चे अर्धे पर्याय गळतात आणि सुमारे सव्वासात लाख उमेदवारांतच १९३७०७७२१ सापडतो.

पाटीपेन्सिल
अवांतर: दोन वर्गांच्या फरकाची जी पद्धत फर्माच्या नावाने ओळखली जाते, ती नारायण पंडितांच्या गणितकौमुदीत (१३५६) आहे, म्हणजे फर्माच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी. संख्येच्या वर्गमूळाच्या पुढची पूर्णांक संख्या घ्या, तिच्या वर्गातून संख्या वजा करा, पूर्ण वर्ग उरला की झालं, नाहीतर एकाने पुढे जा. ११६१ घ्या: ३५² − ११६१ = ६४ = ८². म्हणून ११६१ = (३५+८)(३५−८) = ४३ × २७.

फर्माने १६४३ मध्ये २०२७६५१२८१ अशी फोडली. वर्गमूळ ४५०२९ च्या जरा पुढे, म्हणून ४५०३० पासून सुरुवात. बाराव्या पायरीला ४५०४१² − २०२७६५१२८१ = १०२०². अवयव ४६०६१ आणि ४४०२१.

दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच हे जमतं. आरएसएची किल्ली बनवताना दोन मूळ संख्या शेजारच्या घेतल्या तर २०४८ बिटांची किल्लीसुद्धा या चौदाव्या शतकातल्या पद्धतीने क्षणात फुटते.

कोरीपाटी
खूप खूप आभार सगळ्यांचे. एक विचारतो, चाळणी म्हणजे नेमकं काय चाळतात? शाळेत इरॅटोस्थेनिसची चाळणी होती, तिचा आणि हिचा संबंध काय?

चाळणीवाला
पाटीपेन्सिल यांनी पाया घालूनच ठेवलाय. फर्माला एकाच पायरीत पूर्ण वर्ग हवा होता. क्वाड्रॅटिक सीव्हमध्ये (कार्ल पोमरन्स, १९८१) आपण म्हणतो: एकटा पूर्ण वर्ग मिळत नाही ना, मग अर्धवट असलेले चार-पाच गोळा करून त्यांच्या गुणाकारातून पूर्ण वर्ग बनवू.

३१५१ घ्या. वर्गमूळ ५६ च्या जरा पुढे. ५७ पासून क्ष² − ३१५१ काढत जायचं आणि ज्यांचे सगळे अवयव २, ३, ५, ७, ११ यांतलेच आहेत तेवढेच ठेवायचे:

५७: ९८ = २ × ७²
५९: ३३० = २ × ३ × ५ × ११
६२: ६९३ = ३² × ७ × ११
६४: ९४५ = ३³ × ५ × ७
७१: १८९० = २ × ३³ × ५ × ७

आता चाळणी कुठे आली ते बघा. ३१५१ ला ७ ने भागून बाकी १. म्हणून क्ष ला ७ ने भागून १ किंवा ६ उरत असेल तरच क्ष² − ३१५१ ला ७ ने भाग जातो: ५७, ६२, ६४, ६९, ७१... भागाकार करून बघायचाच नाही, सात-सात घरं उड्या मारत खुणा करायच्या. इरॅटोस्थेनिसचीच उडी ही. १३ आणि १७ ने मात्र भाग कधीच जाणार नाही, म्हणून त्यांना यादीत जागाच द्यायची नाही.

पुढची पायरी: गुणाकारात प्रत्येक मूळ संख्येचा घातांक सम व्हायला हवा. ५७, ६४, ७१ घ्या: ९८ × ९४५ × १८९० = १३२३०². छान! पण ५७ × ६४ × ७१ ला ३१५१ ने भागून बाकी ६२६, आणि १३२३० चीही बाकी ६२६. दोन्ही सारखेच, फरक शून्य, हाती काही नाही. असं होतं, त्यात हिशोबाची चूक नसते.

दुसरा गट: ५७, ५९, ६२, ६४. गुणाकार १४५५३०². डावीकडची बाकी ३०५०, उजवीकडची ५८४. फरक २४६६. २४६६ आणि ३१५१ चा मसावि: १३७. म्हणून ३१५१ = २३ × १३७.

शंभर अंकी संख्येलाही हेच. फक्त यादीत पाच मूळ संख्यांऐवजी लाखभर असतात आणि 'सम घातांकांचा गट शोधा' हे लाखभर ओळींच्या ०-१ मॅट्रिक्सचं गणित होतं.

रेवाकाठ
वाचनखूण साठवली. इतकं स्पष्ट कुठेच वाचलं नव्हतं.

घातांक
पहिला गट फुकट गेला ते मोठ्या संख्यांतही होतं. आरएसए-१२९ ही १२९ अंकी संख्या १९७७ मध्ये आव्हान म्हणून छापली गेली. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून क्वाड्रॅटिक सीव्ह चालवून ती फोडली. यादीत ५,२४,३३९ मूळ संख्या होत्या, ८२ लाख रिलेशन (म्हणजे वरच्या ५७, ५९ सारख्या ओळी) गोळा झाली, मॅट्रिक्सचं गणित एका समांतर यंत्रावर ४५ तास चाललं. आणि पहिले तीन गट फुकट गेले! चौथ्यात ६४ आणि ६५ अंकी अवयव मिळाले. म्हणून गट नेहमी अनेक काढून ठेवतात. प्रत्येक गट निम्म्या वेळी तरी काम करतो, दहा गट असले की काळजी नाही.

वक्रगती
नंबर फील्ड सीव्हचं कुणी लिहिलं नाही, थोडक्यात पायऱ्या देते: बहुपदी निवडणं, चाळणं, गाळणं, मॅट्रिक्स, वर्गमूळ. काडो-एनएफएस या प्रोग्रामला संख्या दिली की तो पाचही पायऱ्या स्वतः करतो. पण कुठे अडतं ते माहीत हवं.

बहुपदी निवडायला एकूण वेळाच्या पाच ते दहा टक्के द्या. इथे घाई केली की चाळणी कित्येक पट रेंगाळू शकते. शंभर-सव्वाशे अंकांच्या आसपास बहुपदी ४ किंवा ५ घाताची, २०० अंकांपुढे ६ घाताची.

गाळताना 'रिलेशन पुरेशी नाहीत' असं म्हणून प्रोग्राम परत चाळायला लागला तर घाबरून बंद करू नका. एकच रिलेशन अनेकदा सापडतं, ती गाळल्यावर संख्या घटते. आरएसए-२५० ला (ही २५० अंकी आव्हान-संख्या) सुमारे ८७० कोटी रिलेशन जमली होती, दुहेरी काढल्यावर ६१० कोटी उरली.

चाळणी शंभर मशीनवर वाटता येते, ती एकमेकांशी बोलत नाहीत. मॅट्रिक्स मात्र तशी वाटता येत नाही, तिला रॅम आणि जलद जोडणी लागते. घरच्या पीसीवर बहुतेक मोठी कामं इथेच, रॅम संपून, मरतात. आरएसए-२५० च्या मॅट्रिक्समध्ये साडेचाळीस कोटी ओळी होत्या.

पाटीपेन्सिल
साडेचाळीस कोटी ओळी! परीक्षेत चार ओळींची मॅट्रिक्स सोडवताना पान पुरत नाही.

गणकयंत्र
कोरीपाटी, एक मूलभूत प्रश्न राहूनच गेला. ही संख्या आली कुठून? एखाद्या सूत्रातून आली असेल तर सगळं चित्रच बदलतं.

कोरीपाटी
१ लिहून पुढे १०४ शून्यं आणि शेवटी १.

शून्यबाकी
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

गणकयंत्र
म्हणजे १०^१०५ + १. हिला चाळणी नको, ईसीएमही जवळजवळ नको.

घातांक विषम असला की क्ष^न + १ ला क्ष + १ ने भाग जातो. १०५ = ३ × ५ × ७. म्हणून १०^३५ + १, १०^२१ + १, १०^१५ + १ हे सगळे तुमच्या संख्येला भागतात. नीट मांडलं तर ती आठ तुकड्यांत पडते, आणि तुकडे निव्वळ बीजगणितातून येतात:

११
९१ = ७ × १३
९०९१ (मूळ)
९०९०९१ (मूळ)
१०९८८९०११ = २११ × २४१ × २१६१
१०९८९००९८९०११ = ७ × १२७ × २६८९ × ४५९६९१

उरतात दोन, एक २५ अंकी आणि एक ४८ अंकी. १०६ अंकी वाटणारं काम ४८ अंकांवर आलं, याफूला क्षणभराचं. ७ दोनदा आलाय तेही बघा. भाग देताना एकदाच काढून पुढे गेलात तर शेवटचा गुणाकार जुळणार नाही.

अशा सूत्रबद्ध संख्यांना सगळे तुकडे काढून झाल्यावरही मोठं काही उरलं, तर खास नंबर फील्ड सीव्ह वापरतात, ती साधीपेक्षा खूप वेगवान. नववी फर्मा संख्या २^५१२ + १ तशीच १९९० मध्ये फुटली.

कोरीपाटी
झालं! दोन्ही तुकडे याफूने लगेच फोडले, सगळ्यांचा गुणाकार करून सुरुवातीची १०६ अंकी संख्या परत आली. गणकयंत्र साहेब, दंडवत.

आता खरी परीक्षा. दुसरी एक १०१ अंकी आहे, ती यादृच्छिकपणे निवडलेल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, सूत्रबित्र काही नाही. दोन्ही अवयव निम्म्या आकाराच्या आसपास आहेत एवढं माहीत आहे.

वक्रगती
मग ईसीएम वगळा. ५० अंकी अवयवासाठी बी१ = ४ कोटी ३० लाख आणि साडेसात हजार वक्र लागतात, त्याआधी चाळणी कितीतरी वेळा संपेल. थेट क्वाड्रॅटिक सीव्ह. थ्रेड आठच द्या.

मसावि_लसावि
यावरून निघालंच आहे तर: आरएसए किल्ल्या खऱ्याखुऱ्या कशा फुटतात? २०४८ बिट म्हणजे ६१७ अंक, चाळणीने अशक्य. आजवर जाहीर झालेल्यांत आरएसए-२५०, म्हणजे ८२९ बिट, फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली. तिला सुमारे २७०० कोअर-वर्षं लागली. ५१२ बिटांची (१५५ अंकी) मात्र १९९९ मध्येच फुटली होती, आणि २०१५ मध्ये भाड्याच्या क्लाउडवर तेच काम चार तासांत, ७५ डॉलरमध्ये करून दाखवलं गेलं.

शून्यबाकी
बहुतेक वेळा चाळणीची गरजच पडत नाही. २०१२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे आपापसांत मसावि काढले. बऱ्याच किल्ल्यांत एक मूळ संख्या सामायिक निघाली. राउटरसारखी उपकरणं पहिल्यांदा चालू होताच, पुरेशी यादृच्छिकता जमायच्या आधीच, किल्ली बनवत होती. दोन किल्ल्यांत एक अवयव समान असेल तर शाळेतला मसावि दोन्ही फोडतो. लाखो संख्यांच्या जोड्या एकेक करून तपासत नाहीत. सगळ्यांचा एक प्रचंड गुणाकार करून झाडासारखं खाली उतरत बाक्या काढतात.

रेवाकाठ
आणि क्वांटम संगणक?

घातांक
पीटर शोरने १९९४ मध्ये पद्धत दिली, २००१ मध्ये सात क्युबिटवर (क्वांटम संगणकाच्या बिटांवर) १५ = ३ × ५ करून दाखवलं. २०४८ बिटांसाठी २०१९ चा अंदाज होता दोन कोटी सदोष क्युबिट आणि आठ तास. २०२५ मध्ये तोच अंदाज दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथवर खाली आला. अंदाज घसरतोय ही गोष्ट गंभीर आहे. पण आपल्या १०१ अंकी संख्येला चाळणीच लागणार.

कोरीपाटी
अहवाल देतो. क्वाड्रॅटिक सीव्ह, आठ थ्रेड. रिलेशन सुरुवातीला हळू जमतात आणि शेवटी एकदम वेग घेतात. काम निम्मं झालंय असं वाटेपर्यंत पूर्ण झालेलं असतं. का, ते कळलं नाही.

मॅट्रिक्सला मिनिटभरही लागलं नाही. पहिला गट फुकट. दुसऱ्यात ५० आणि ५१ अंकी अवयव मिळाले, दोघांची मूळ-चाचणी घेतली, गुणाकार ताडला.

चाळणीवाला
अभिनंदन! शेवटी वेग येतो तो अर्धवट रिलेशनमुळे. यादीबाहेरची एखादी मोठी मूळ संख्या उरलेली रिलेशनही प्रोग्राम साठवून ठेवतो. तीच मोठी संख्या दुसऱ्या रिलेशनमध्ये आली की दोघांचा गुणाकार करून एक पूर्ण रिलेशन बनतं. साठा वाढतो तशा जोड्या जुळण्याची शक्यता साठ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तीस जणांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता बरीच असते तसं. लॉगमध्ये 'फुल' आणि 'कम्बाइन्ड' असे दोन आकडे वेगळे दिसतील, शेवटच्या तासातले ते दोन्ही इथे टाका.